पडलेला पाऊस आणि पाडलेला पाऊस : मेघबीजनाच्या क्षेत्रमोहिमेची सांगता

१. प्रश्नाचे स्वरूप

पर्जन्यमानाच्या दृष्टीने नंदुरबार जिल्हा हा एकजिनसी प्रदेश नव्हे. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा व त्यांपलीकडे नर्मदा, मध्यातून पश्चिमेकडे वाहत जाणारी तापी आणि नैऋत्येस नवापूरकडील डोंगराळ मुलूख अशी त्याची रचना आहे. त्यामुळे अक्राणी, अक्कलकुवा व नवापूर या तालुक्यांत मोसमी पाऊस तुलनेने बऱ्यापैकी होतो. नंदुरबार व शहादा या तालुक्यांच्या सपाट भागात मात्र तो कमी आणि बेभरवशाचा असतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेल्या या जिल्ह्याने कोरडी वर्षे अनेक पाहिली आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यशासनाने ज्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत या जिल्ह्यातील तालुकेही होते. अशा वर्षी ‘कृत्रिम पाऊस’ हा शब्द कानी पडला, की तो आपल्याकडे का पाडीत नाहीत, हा प्रश्न कोणाही शेतकऱ्याच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे.

योगायोग असा, की ज्या वर्षी हा दुष्काळ जाहीर झाला, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची एक मोठी क्षेत्रमोहीम सोलापूर येथे चालू होती. ‘कायपीक्स’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २००९ साली सुरू झालेल्या प्रयोगमालेचा तो चौथा टप्पा होता. २०१८ व २०१९ या दोन पावसाळ्यांत विमाने, रडार व पर्जन्यमापकांचे जाळे यांच्या साहाय्याने मेघबीजनाची परीक्षा तेथे घेण्यात आली. विमानांची उड्डाणे २०१९ साली संपली. निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो २०२३ साली. मधल्या काळात नेमके काय करावे लागते, आणि ते केल्यावाचून मोहीम संपली असे का म्हणता येत नाही, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. ढग आणि त्यात पेरलेले बीज

ढगातील पाण्याचा थेंबुकला साधारणतः एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतक्या व्यासाचा असतो. तो इतका हलका असतो, की जमिनीकडे येण्यापूर्वीच त्याची वाफ होऊन जाते. पावसाचा चांगला थेंब सुमारे दोन मिलिमीटर व्यासाचा असतो. व्यासात हा फरक शंभरपट दिसला, तरी आकारमानात तो दहा लाखपट होतो. म्हणजे सुमारे दहा लाख थेंबुकले एकत्र आले, तर पावसाचा एक थेंब तयार होतो. अनेक ढगांत पाणी असते. परंतु सर्व थेंबुकले जवळजवळ सारख्याच आकाराचे असल्यामुळे ते सारख्याच संथ गतीने तरंगत राहतात, एकमेकांवर आदळत नाहीत, आणि ढग न बरसताच विरून जातो.

मेघबीजनाचा उद्देश ही कोंडी फोडणे हा आहे. त्याच्या पद्धती मुख्यतः दोन. ज्या ढगाचा वरचा भाग शून्य अंश सेल्सिअसच्या खाली गेलेला असूनही त्यातील पाणी गोठलेले नसते, अशा ढगात हिमकणांची निर्मिती घडवून आणणे ही पहिली पद्धती होय. १९४६ साली अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी घनरूप कार्बन डायऑक्साइडने अतिशीत थेंबुकल्यांचे हिमकण होतात हे दाखविले, आणि त्याच वर्षी बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइड हेच कार्य करते हे सिद्ध केले. दुसरी पद्धती उष्ण ढगांसाठी आहे. तीत ओलावा शोषून घेणाऱ्या क्षाराचे सूक्ष्म कण ढगाच्या तळाशी सोडतात. त्या कणांभोवती इतरांहून मोठे थेंबुकले तयार होतात, ते लहानांना सामावून घेत वाढत जातात, आणि पाऊस पडण्याची क्रिया सुरू होण्यास मदत होते. सोलापूरच्या मोहिमेत या दुसऱ्या पद्धतीवर भर होता. विमानाच्या पंखाला बसविलेल्या आणि जळताना कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडणाऱ्या नळ्या त्यासाठी वापरण्यात आल्या.

या वर्णनावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. बी पेरले, तरी जमीन व ओल शेतकऱ्याने निर्माण केलेली नसते. त्याचप्रमाणे मेघबीजन करणारा ढग निर्माण करीत नाही. ढग असला पाहिजे, पुरेसा जाड असला पाहिजे, आणि त्यात पाणी असले पाहिजे. ‘मेघबीजन’ हा शब्द ही मर्यादा आपल्या अंगी बाळगतो; ‘कृत्रिम पाऊस’ हा शब्द ती झाकून टाकतो.

३. दोन क्रियापदे

मराठीत अकर्मक धातूच्या स्वरात बदल होऊन सकर्मक धातू सिद्ध होण्याची रीत आहे : मरणे–मारणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे. पडणे–पाडणे ही जोडी त्यांतीलच. पावसाच्या बाबतीत भाषेने पहिले रूपच शतकानुशतके वापरले. पाऊस पडतो, येतो, लागतो, उघडतो, इतकेच नव्हे तर दडीही मारतो. या सर्व वाक्यांत कर्ता पाऊसच असतो. खानदेशातील अहिराणीत पावसाला ‘पानी’ म्हणतात, आणि ‘पानी उना’ या वाक्यातही येणारा तोच आहे, त्याला आणणारा कोणी नाही. ‘पाऊस पाडला’ या वाक्यात मात्र पाऊस कर्म होतो आणि कर्त्याच्या जागी माणूस येऊन बसतो.

व्याकरणात एका स्वराच्या लांबीने होणारा हा बदल निसर्गात सिद्ध करणे अत्यंत कठीण आहे, आणि क्षेत्रमोहिमेची सारी अडचण येथेच आहे. ढगात क्षार सोडला आणि अर्ध्या तासाने पाऊस आला, एवढ्यावरून पाऊस ‘पडला’ असे म्हणता येते. ‘पाडला’ असे म्हणता येत नाही. क्षार सोडला नसता तरी तो ढग बरसला नसता कशावरून? एकाच ढगावर बीजन करून आणि न करून, असे दोन्ही प्रकारांनी पाहणे शक्य नसते. पावसाची नैसर्गिक चंचलता तर एवढी असते, की बांधाच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ हा अनुभव प्रत्येक गावाला आहे.

यावर शास्त्रज्ञांनी शोधलेला मार्ग म्हणजे यादृच्छिक निवड होय. बीजनास योग्य अशी परिस्थिती आढळली, की बीजन करावयाचे की नाही, अथवा कोठे करावयाचे, हे माणसाच्या पसंतीवर न सोडता चिठ्ठी काढल्याप्रमाणे ठरवावयाचे. असे अनेक वेळा केले म्हणजे बीजन केलेल्या व न केलेल्या ढगांचे दोन तुल्य गट हाती येतात, आणि त्यांच्यातील फरक मोजता येतो.

या पद्धतीचा महाराष्ट्रातील पहिला दीर्घ प्रयोग याच संस्थेने पुण्याच्या पूर्वेस बारामतीच्या परिसरात, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, केला. १९७३, १९७४, १९७६ आणि १९७९ ते १९८६ असे एकूण ११ पावसाळे तो चालला. ४,८०० चौरस किलोमीटरच्या प्रदेशाचे १,६०० चौरस किलोमीटरचे तीन भाग पाडण्यात आले : उत्तर, दक्षिण आणि त्यांना वेगळे राखणारा मधला पट्टा. ज्या दिवशी प्रयोग करावयाचा, त्या दिवशी उत्तर व दक्षिण यांपैकी एका भागात मिठाच्या भुकटीने बीजन होई, आणि दुसरा भाग तुलनेसाठी तसाच राही. निष्कर्ष असा निघाला, की बीजन झालेल्या भागात पाऊस २४ टक्क्यांनी अधिक झाला. केवळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता शंभरात चार इतकी होती. त्याबरोबरच दुसरीही गोष्ट आढळून आली, जिचा उल्लेख क्वचितच केला जातो. एक किलोमीटरहून अधिक जाडीच्या व पुरेसे पाणी असलेल्या ढगांनीच अनुकूल प्रतिसाद दिला. उथळ ढग बीजनानंतर विरून जाण्याकडेच झुकले.

४. सांगतेची कामे

क्षेत्रमोहीम संपते ती शेवटच्या उड्डाणाच्या दिवशी, असा सर्वसाधारण समज असतो. त्यास आपल्या ‘प्रयोग’ या शब्दाचाही थोडा हातभार लागत असावा. मराठीत नाटकाचाही प्रयोग होतो आणि प्रयोगशाळेतही प्रयोग होतो. नाटकाचा प्रयोग पडदा पडला की संपतो. शास्त्रीय प्रयोगाचे महत्त्वाचे अंग पडदा पडल्यानंतरच सुरू होते.

पहिले काम उपकरणांच्या फेरतपासणीचे. मोहिमेच्या आरंभी प्रत्येक उपकरण प्रमाणाशी ताडून पाहिलेले असते. ते जागेवरून हलविण्यापूर्वी पुन्हा ताडून पाहावे लागते. विमानावरील कणमापकाच्या काचेवर धूळ बसली असेल, रडारचे मापन एका बाजूस झुकले असेल, पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात काडीकचरा अडकला असेल, तर आरंभीच्या व अखेरच्या तपासणीतील अंतरावरूनच ते उमगते. पेट्या भरण्याची घाई झाली आणि ही तपासणी राहिली, तर गेलेली संधी परत येत नाही.

दुसरे काम नोंदींच्या जुळवाजुळवीचे. विमानातील घड्याळ, रडारचे घड्याळ आणि जमिनीवरील मापकाचे घड्याळ यांत दोन मिनिटांचाही फरक असला, तरी बीजन आधी की थेंबांची वाढ आधी, हा मूळ प्रश्नच गढूळ होतो. शिवाय निरीक्षकांच्या वहीतील ओळी प्रत्येक आकड्याशी जोडाव्या लागतात : ढग शेजारच्या ढगात मिसळला, नळी पेटली नाही, मापक गुरांनी पाडला, इत्यादी. भाषांच्या क्षेत्रपाहणीत ज्याप्रमाणे बोलणाऱ्याचे गाव, वय व प्रसंग यांची नोंद नसलेले ध्वनिमुद्रण अभ्यासास निरुपयोगी ठरते, तद्वतच येथेही संदर्भावाचून आकडा मुका असतो.

या कामाचे मोल एका परदेशी उदाहरणावरून चांगले कळते. नोव्हेंबर १९९२ ते फेब्रुवारी १९९३ या चार महिन्यांत पश्चिम पॅसिफिकच्या विषुववृत्तीय उष्ण जलप्रदेशात अनेक देशांनी मिळून ‘टोगा-कोअर’ नावाची मोठी मोहीम पार पाडली. बेटांवरून व जहाजांवरून हजारो फुगे आकाशात सोडून हवेचे तापमान व आर्द्रता मोजण्यात आली. मोहीम आटोपल्यानंतर आढळून आले, की एका प्रकारच्या उपकरणाने आर्द्रता खऱ्याहून कमी नोंदविली होती. उपकरणाच्या वेष्टनातून निघणारी द्रव्ये त्याच्या आर्द्रतामापक पटलावर साचत आणि त्याची संवेदनक्षमता घटवीत. दोष किती, हे उपकरण किती जुने आहे यावर अवलंबून होते. म्हणून कोणत्या दिवशी कोणते उपकरण सोडले, याची नोंद उपयोगी पडली, आणि पुढील सुमारे दहा वर्षांत ती मापने सुधारण्यात आली. नोंद नसती, तर जगातील सर्वांत उष्ण समुद्रावरील हवा वास्तवापेक्षा कोरडी आहे, असे समजूनच पुढील गणिते होत राहिली असती.

तिसरे काम तुलनेचे. बीजन केलेल्या व न केलेल्या ढगांतील भेद शोधताना कोणते ढग गणनेत धरावयाचे, पावसाचे मापन किती वेळेपर्यंत व वाऱ्याच्या दिशेने किती अंतरापर्यंत करावयाचे, हे नियम शक्यतो निकाल पाहण्यापूर्वी ठरवावे लागतात. निकाल पाहून नियम ठरविले, तर हवा तो निष्कर्ष काढता येतो, आणि तसे करणाऱ्यास आपण फसत आहोत याची जाणीवही होत नाही.

चौथे काम सर्व सामग्री अशा रीतीने जतन करण्याचे, की मोहिमेत नसलेल्या अभ्यासकालाही ती तपासता यावी. ज्याची फेरतपासणी करता येत नाही, तो निष्कर्ष शास्त्राच्या दृष्टीने अपुराच राहतो.

५. निष्कर्ष आणि त्याचे माप

सोलापूरच्या मोहिमेत दोन पावसाळ्यांत मिळून २७६ ढग निवडण्यात आले. ही सर्व छाननी झाल्यानंतर काढलेला निष्कर्ष असा, की अनुकूल परिस्थितीत, बीजनस्थानापासून वाऱ्याच्या दिशेने सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरीने १८ टक्क्यांनी वाढला. काही ठिकाणी वाढ याहून बरीच अधिक होती.

या आकड्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. बीजनावाचून १० मिलिमीटर पाऊस झाला असता असे धरले, तर बीजनाने तो ११.८ मिलिमीटर होईल. वाढ १.८ मिलिमीटरची, पण १०० चौरस किलोमीटरवर तिचे पाणी १८ कोटी लिटर भरते. म्हणजे ही वाढ नगण्य नाही. तथापि तिचे मोजमाप करणे किती नाजूक आहे, हेही पाहावे. ज्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर आहे अशा पर्जन्यमापकाच्या मानाने १०० चौरस किलोमीटर हे क्षेत्र ५०० कोटी पट मोठे आहे. एवढ्या विस्तारातील १.८ मिलिमीटरचा फरक नैसर्गिक चढउतारांतून वेगळा काढावयाचा, तर मापकांचे दाट जाळे, रडारची अखंड नोंद आणि अनेक ढगांची सरासरी यांवाचून गत्यंतर नाही.

अशा निष्कर्षांविषयी सावध राहण्याचे कारण इतिहासातही आहे. इस्रायलमध्ये १९६१ ते १९६७ या काळात झालेल्या प्रयोगात पाऊस १५ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले, आणि तेथे मेघबीजन हा अनेक दशके नित्याचा कार्यक्रम झाला. पुढे १९९५ साली अमेरिकेतील दोन अभ्यासकांनी जुन्या सामग्रीची फेरतपासणी करून त्या प्रयोगांच्या निष्कर्षांविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या. अखेर २०१३ ते २०२० या सात हिवाळ्यांत तेथे नवा यादृच्छिक प्रयोग करण्यात आला. त्यात वाढ आढळली ती अवघी १.८ टक्के, आणि तीही योगायोगापासून वेगळी न ओळखता येण्याजोगी. तेथील ढग व तेथील पद्धती वेगळ्या आहेत, म्हणून त्यावरून सोलापूरचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. मात्र एकदा सिद्ध मानलेली गोष्ट पुनः तपासावी लागते, आणि ती तपासता आली याचे श्रेय जतन केलेल्या नोंदींनाच आहे, हे यावरून दिसून येते.

६. प्रयोग आणि उपक्रम

महाराष्ट्रात मेघबीजन दोन निरनिराळ्या हेतूंनी झाले आहे, आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. बारामती व सोलापूर येथील मोहिमा ज्ञानासाठी होत्या. याउलट २०१५ व २०१९ साली राज्यशासनाने तत्कालीन औरंगाबाद येथून केलेले मेघबीजन हा दुष्काळनिवारणाचा उपक्रम होता. उपक्रमात योग्य दिसलेला प्रत्येक ढग वापरण्याकडे कल असतो, आणि तहानलेल्या प्रदेशात तो कल समजण्यासारखाही आहे. परंतु ज्यावर बीजन केले नाही असा तुलनेचा गटच मग उरत नाही. त्यामुळे अशा उपक्रमानंतर इतके मिलिमीटर पाऊस ‘पाडला’ म्हणून जे आकडे दिले जातात, ते बहुधा ‘पडलेल्या’ पावसाचे असतात. बोलण्यात निसटलेला हा एक स्वर पुढे खर्चाच्या व धोरणाच्या निर्णयात जाऊन बसतो. जो पाऊस होणारच होता, त्याचे श्रेय उपक्रमास मिळते. आणि पाऊस न झाल्यास, उपक्रमाने जे कधीच साधणार नव्हते त्याचा दोष त्याच्या माथी येतो.

७. नंदुरबारच्या दृष्टीने

सोलापूरचा निष्कर्ष नंदुरबारला जसाच्या तसा लागू करता येईल काय? तूर्त याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते, आणि त्याची कारणे वरील विवेचनातच आहेत. सोलापूर सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेतील पठारावर आहे. नंदुरबारचा सपाट भाग तापीच्या खोऱ्यात आहे. ते खोरे पश्चिमेस समुद्राच्या दिशेने खुले असून उत्तरेस त्यास सातपुड्याची भिंत आहे. तोरणमाळच्या सुमारे १,१५० मीटर उंचीच्या पठारावर चढणाऱ्या हवेतील ढग आणि शहाद्याच्या मैदानावरील ढग यांतदेखील सारखेपणा गृहीत धरता येत नाही. मध्य भारतातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचाही येथील पावसावर परिणाम होतो. ढगांची जाडी, त्यांतील पाणी, हवेतील तरंगत्या कणांची संख्या या गोष्टी येथे प्रत्यक्ष मोजल्यावाचून बीजनाचा लाभ किती, हे सांगता येणार नाही.

याहूनही मूलभूत मर्यादा अंकगणिताची आहे. १८ टक्के वाढ ही पडणाऱ्या पावसावरील वाढ आहे. शून्याचे १८ टक्के शून्यच होतात. ज्या आठवड्यात मृगाचा किंवा आर्द्रेचा पाऊस दडी मारून बसतो आणि पेरलेले बी करपू लागते, त्या आठवड्यात आकाशात योग्य ढग बहुधा नसतातच. मेघबीजनाचा उपयोग असेलच तर तो ढगाळ दिवसांत थोडे अधिक पाणी मिळवून ते तळी, बंधारे व भूजल यांत साठविण्याचा आहे. ऐन कोरड्या खंडात हाकेला धावून येण्याचा नव्हे. साठवणुकीची सोय नसेल, तर ही वाढही वाहून जाईल.

एखाद्या जिल्ह्यात मेघबीजनाची मोहीम आली, तर तेथील लोकांनी विचारावयाचा प्रश्न विमाने किती उडाली हा नव्हे. किती ढगांवर बीजन केले आणि तुलनेसाठी किती ढग सोडले. पर्जन्यमापक कोठे होते. मोहीम आटोपल्यावर उपकरणे पुन्हा तपासली काय. आणि नोंदी कोणास पाहता येतील, हे चार प्रश्न त्यांनी विचारले पाहिजेत. ते शेतकऱ्यालाही समजण्याजोगे आहेत, आणि साध्या मराठीत विचारता येण्याजोगे आहेत. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत पाऊस ‘पडला’ एवढेच म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरेल.